युक्रेनमधलं कामियानेत्स-पोदिल्स्की पाहायला एक दिवस पुरेल का?

किल्ला एका दिवसात होईल, शहर नाही. एक रात्र तरी राहाच. पण युद्ध संपेपर्यंत फिरायला म्हणून अजिबात जाऊ नका. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनमध्ये प्रवासी विमानं उतरत नाहीत, आणि हल्ल्यांपासून देशाचा कुठलाच भाग सुरक्षित नाही. पुढे लिहितेय ते शांततेच्या दिवसांसाठी.

मी चेर्निव्हत्सीला मेडिकलला होते. तिथून मार्शरुत्काने, म्हणजे मिनीबसने, दोनेक तासांत कामियानेत्स येतं. स्मोत्रिच नदीने खोल दरी कोरत या जुन्या गावाला जवळजवळ पूर्ण वळसा घातलाय. मधल्या खडकावर गाव, आणि एका अरुंद पुलापलीकडे किल्ला. बहुतेक लोक थेट किल्ल्यात शिरतात, बुरुज चढतात, फोटो काढून परततात. बुरुज सुंदरच आहेत (त्यातल्या एकात बंडखोर उस्तिम कार्मेल्युकला कैदेत ठेवलं होतं), पण माझा जीव जडला तो गावात.

आधी संत पीटर आणि पॉल यांचं कॅथेड्रल गाठा. १६७२ मध्ये ऑटोमन तुर्कांनी शहर जिंकलं, कॅथेड्रलची मशीद केली आणि त्याला लागून मिनार उभारला. १६९९ च्या तहाने शहर पोलंडकडे परत आलं. पोलिश लोकांनी मिनार पाडला नाही; १७५६ मध्ये त्याच्या टोकावर मेरीचा पुतळा बसवला. तो आजही तिथेच आहे. खाली उभं राहून वर बघताना या गावावर कोणी कोणी राज्य केलं ते एका नजरेत कळतं. पोलिश, रुथेनियन (म्हणजे आजच्या युक्रेनियन लोकांचे पूर्वज) आणि आर्मेनियन हे तिन्ही समाज इथे आपापला कारभार पाहायचे. म्हणून पोलिश बाजारचौक वेगळा, आर्मेनियन वेगळा. दोन्हीकडे रमतगमत फिरा.

आणखी एक गोष्ट माहीत असूनच या गावात पाऊल ठेवावं, असं मला मनापासून वाटतं. ऑगस्ट १९४१ च्या अखेरीस, तीन दिवसांत, नाझींनी इथे सुमारे २३,६०० ज्यूंना गोळ्या घातल्या. त्यातले कितीतरी हंगेरीतून हाकलून आणलेले होते.

किल्ल्याचं सगळ्यात छान दर्शन पुलाच्या अलीकडून, गावाच्या बाजूने होतं. सकाळी गर्दी नसताना जा. चपलांपेक्षा बूट बरे, दगडी रस्ते ओले झाले की पाय सटकतो.

शाकाहारी असाल तर बटाट्याच्या सारणाचे वारेनिकी (उकडलेल्या करंज्यांसारखे) किंवा देरुनी, म्हणजे किसलेल्या बटाट्याची धिरडी, मागवा. मात्र 'बेझ म्यासा', म्हणजे मांसाशिवाय, असं आवर्जून सांगा, कारण वरून तळलेले डुकराच्या चरबीचे तुकडे घालायची पद्धत आहे. बोर्श्च, म्हणजे बिटाचं सूप, तेही बहुधा मांसाच्या रश्शातलं असतं.

चेर्निव्हत्सीकडून येणार असाल तर वाटेत द्निस्तरकाठी खोतिनचा किल्ला लागतो. १६२१ मध्ये पोलिश-लिथुआनियन आणि कोसाक (युक्रेनमधले लढवय्ये) फौजांनी सुलतान दुसऱ्या उस्मानचं सैन्य तिथेच अडवलं होतं. त्याला अर्धा दिवस वेगळा ठेवा. कामियानेत्सच्या दिवसात कोंबू नका.