नोकरीतली शेवटची दिवाळी: निवृत्तीआधीच्या या सुट्टीत घरी नेमकं काय उरकून घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहणार सिडको, नाशिक. अंबड एमआयडीसीत तीस वर्षं नोकरी, एप्रिलअखेर ५८ पूर्ण आणि निवृत्ती. घरी नवरा-बायको दोघंच; मुलगा पुण्याला, मुलगी ठाण्याला, दोघंही जोडीने दिवाळीला येणार. कारखाना पाच-सहा दिवस बंद. या दिवसांत काय करून ठेवलं म्हणजे मे महिन्यात धांदल होणार नाही?

ही दिवाळी पगारावर करू नका, पेन्शनवर करून बघा. म्हणजे रंगीत तालीमच समजा. बोनस खात्यात जमा होईल तसा राहू द्या. पुढच्या दिवाळीला तो येणार नाही, कारखान्याचा मिठाईचा पुडाही येणार नाही. पण चकली, ओवाळणी आणि पोस्त या तिन्ही गोष्टी येणारच.

आधी आकडा काढा. ईपीएस, म्हणजे पीएफबरोबरची कर्मचारी पेन्शन योजना, तिचं सूत्र सोपं आहे: पेन्शनला धरलेला पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. खोच आहे ती पगारात. खऱ्या पगारावर जादा पेन्शन घ्यायचा पर्याय घेतला नसेल, तर तुमचा खरा पगार कितीही असो, सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या सेवेला जास्तीत जास्त ६,५०० धरतात आणि नंतरच्या सेवेला १५,०००. आधीची १८ वर्षं म्हटली तर १,६७१ रुपये. नंतरची १२ वर्षं, म्हणजे २,५७१. सेवा वीस वर्षांवर गेली की दोन वर्षं जादा धरतात, त्याचे आणखी सव्वाचारशे. बेरीज ४,६७० च्या आसपास, तीही महागाईबरोबर न वाढणारी. हा आकडा बऱ्याच जणांना मे महिन्यात पहिल्यांदा कळतो आणि त्या दिवशी घरात कोणी धड जेवत नाही. तुम्हाला तो आत्ताच कळलेला बरा.

बाकीचं उत्पन्न पीएफ आणि ग्रॅच्युइटीतून उभं करायचं. ग्रॅच्युइटी म्हणजे मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. २४,००० आणि ३० वर्षं धरली तर ४,१५,००० आणि वर थोडे. त्यात पीएफमधले घालून १५ लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेत, तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५० येतात, महिन्याला १०,२५०. दर सरकार तिमाहीला जाहीर करतं, पण खातं उघडतानाचा दर तुम्हाला पाच वर्षं मिळतो. व्याज जमा होतं १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ जानेवारीला. ऑक्टोबरचं व्याज नेमकं दिवाळीच्या तोंडावर पडतं, त्यातलं थोडं बाजूला ठेवायची सवय लागली की बोनसची उणीव थोडीफार भरून निघते.

तर पेन्शन आणि व्याज मिळून महिना साधारण पंधरा हजार. दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत घर एवढ्यात चालवून बघा. पीएफची उरलेली रक्कम दवाखान्याची आणि महागाईची, तिला या तालमीत हात लावायचा नाही. एक वही करा, तीन रकाने पाडा: रोजचं, दिवाळीचं, आणि वर्षातून एकदाच येणारं. तिसरा रकाना फसवतो. घरपट्टी, गाडीचा विमा, पाण्याच्या टाकीची सफाई, लग्नातले आहेर हे पगारात कुठेतरी मुरून जातं, पेन्शनमध्ये मुरत नाही. आणि एक, सिलिंडर बदलल्याची तारीख लिहून ठेवा. कँटीनचं स्वस्त जेवण आणि चहा बंद झाला की तो किती दिवस लवकर संपतो, त्याचा अंदाज या सुट्टीतच येईल.

आता फराळ. सहा माणसं आणि मुलांना बरोबर द्यायचे डबे धरून एक किलो पातळ पोह्यांचा चिवडा, एक किलो भाजणीच्या चकल्या आणि एक किलो बेसनाचे लाडू पुरतात. तयार फराळाचे डबे यापेक्षा बरेच महाग पडतात. आजवर शिफ्टमुळे फराळ एकट्या वहिनींवर पडत आला असेल, तर या वर्षी बेसन भाजायचं काम तुमचं. जाडसर बेसन एक किलो, तूप अर्धा किलो, पिठीसाखर पाऊण किलो. मध्यम आकाराचे पंचेचाळीसच्या आसपास लाडू होतात. तूप एकदम ओतायचं नाही, तीन वेळा घालायचं. आच मंद, वेळ पस्तीस-चाळीस मिनिटं, आणि उलथणं थांबवायचं नाही. फोन घ्यायला गेलात की तळाला लागलंच. सुरुवातीला पीठ जड लागतं, मग एकदम हलकं होऊन तूप सुटतं आणि खमंग वास स्वयंपाकघराबाहेर येतो, तेव्हा उतरवायचं. साखर मिश्रण हाताला कोमट लागल्यावरच. गरम असताना घातली तर ती विरघळते आणि वळलेले लाडू ताटात बसतात.

चकली बिघडते ती बहुधा मोहनामुळे. भाजणी चार भाग तांदूळ, दोन भाग हरभरा डाळ, एक भाग उडीद डाळ, वर धने-जिरे. तीन वाट्या भाजणीला पाव वाटी कडकडीत तेल. जास्त झालं तर चकली कढईत विरघळते, कमी पडलं तर दाताला लागते. पहिली एकच चकली तळून बघा. विरघळली तर पिठात मूठभर कोरडी भाजणी मिसळा. सगळा घाणा एकदम सोडणाऱ्याला वाचवता येत नाही.

किराणा आणायला रविवार कारंजा, मेन रोड, दहीपूल या भागात धनत्रयोदशीच्या संध्याकाळी जाणं म्हणजे गर्दीत धक्के खाणं. वसुबारसेच्या आठवडाभर आधी, कामाच्या दिवशी सकाळी अकराला जा. गाडी घरी ठेवा, सिटीलिंकच्या बसने शालिमारला उतरून चालत जा. नोकरीत ही वेळ तुमची नव्हती, आता साप्ताहिक सुट्टीला आड दिवस आला तर वापरून बघा.

ओवाळणी आणि पोस्त यांचा आकडा याच वर्षी ठरवा, आणि पुढची दहा वर्षं झेपेल असाच ठरवा. बहिणींना यंदा नेहमीसारखी दिली आणि पुढच्या वर्षी निम्मी केली, तर त्यांनाही कळतं आणि तुम्हालाही बोचतं. यंदाच थोडी कमी करून सरळ सांगून टाकलं तर कोणी मनाला लावून घेत नाही. पेपरवाला, कचऱ्याची घंटागाडी, वॉचमन यांची पोस्त मात्र कमी करू नका, तिथे वाचतात किती? आणि धनत्रयोदशीला हप्त्यावर टीव्ही-फ्रीज घेताना शेवटचा हप्ता एप्रिलच्या पलीकडे जात असेल तर सरळ नको म्हणा.

मुलं घरी आहेत त्यातली एक दुपार कागदांसाठी काढून ठेवा. पाडव्याची सकाळ नको, भाऊबीजेच्या आदल्या-मागल्या रिकाम्या दुपारी बसा. मुलीला लॅपटॉप घेऊन बसवा. यूएएन म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक; त्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरची माहिती अक्षर न् अक्षर जुळते का, हे आधी. ‘पांडुरंग’ एका जागी पूर्ण आणि दुसऱ्या जागी नुसता ‘पी.’ एवढ्यावर दावा परत येतो. चूक असेल तर कंपनीच्या सहीने संयुक्त घोषणापत्र द्यावं लागतं आणि त्याला वेळ जातो, म्हणून ते एप्रिलमध्ये करायचं काम नाही. मग सेवेचा तपशील उघडा. आधीच्या कंपनीची नोकरी दिसते का, तिथे नोकरी सोडल्याची तारीख भरलीय का? तारीख नसेल किंवा दोन नोकऱ्यांच्या तारखा एकमेकींवर चढत असतील, तर ती वर्षं पेन्शनमध्ये धरताना अडतात. त्यानंतर ई-नामांकन, म्हणजे नॉमिनीची ऑनलाइन नोंद: वहिनींचा फोटो, आधार, बँक खातं. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो. तो नंबर जुन्या सिमचा असेल तर सगळं तिथेच थांबतं. पेन्शनच्या १०-डी अर्जाला नवरा-बायकोचा एकत्र फोटो लागतो. दिवाळीला दोघं नटून उभे असताल, तेव्हाच साध्या भिंतीसमोर एक काढून घ्या.

कोणी तुम्हाला सांगेल की पेन्शन ६० पर्यंत लांबवा, दर वर्षाला चार टक्के वाढते. खरं आहे. पण हिशेब करा: पेन्शन ढोबळ ४,६०० धरली तर ती दोन वर्षांत ४,९७५ होते, म्हणजे महिना ३७५ जास्त. त्यासाठी सोडायचे १,१०,४००. ते भरून निघायला साडेचोवीस वर्षं, वय पंच्याऐंशीला टेकलेलं. मी तरी ५८ लाच सुरू करा म्हणेन.

पीएफ मात्र दुसऱ्याच दिवशी काढायची घाई नको. निवृत्तीनंतर तीन वर्षं त्यावर व्याज चालू राहतं, फक्त नोकरी सुटल्यानंतरचं व्याज करपात्र असतं. उलट ५५ ते ६० मध्ये ज्येष्ठ नागरिक योजनेचं खातं उघडायचं, तर निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत उघडावं लागतं. म्हणून रक्कम कधी उचलायची हे आधी ठरवा आणि मगच अर्ज करा.

खरी अडचण वेगळीच आहे. ५८ ला कारखाना तुम्हाला म्हातारा ठरवतो, बाकी जग अजून ठरवत नाही. मुदत ठेवीवर बहुतेक बँका अर्धा टक्का जादा देतात तो ६० नंतर. एसटीत पुरुषाला अर्धं तिकीट ६५ ला, फुकट प्रवास ७५ ला. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंदच आहे. वहिनींना मात्र एसटीत आत्ताही अर्धंच तिकीट, मार्च २०२३ पासून सगळ्याच महिलांना आहे. त्यामुळे ठाण्याला लेकीकडे जायचं तर एसटीचा एकत्र हिशेब करून बघा, कधीकधी ट्रेनच्या आरक्षणापेक्षा तेच बरं पडतं.

या मधल्या वर्षांत सगळ्यात महाग पडतो आजार. कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो. नवीन पॉलिसी कोरी घेतली तर आधीपासूनच्या बीपी-शुगरला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत वर्ग व्हायची सोय असते आणि त्यात जुनी वर्षं धरली जातात, पण विचारणा नोकरी चालू असतानाच, दीड-दोन महिने आधी करायची. हप्ता किती येईल ते आत्ता विचारा आणि वहीच्या तिसऱ्या रकान्यात लिहा. तिथला सगळ्यात मोठा आकडा बहुधा हाच असेल.

आता वेळ. तीस वर्षं फर्स्ट, सेकंड, नाइट अशा पाळ्या केलेल्या माणसाची झोप कारखाना सुटल्यावर लगेच ताळ्यावर येत नाही. सुट्टीच्या सहा दिवसांत रोज एकाच वेळी उठा. अभ्यंगस्नानाला पहाटे उठणार आहातच, तीच वेळ धरा. दुपारची झोप अर्ध्या तासावर नको. नाशिकला तेव्हा सकाळी गारठा असतो आणि फटाक्यांचा धूर खाली बसलेला असतो, म्हणून चालायला उन्हं आल्यावर निघा. सिडकोतून पांडवलेणीचा पायथा जवळ आहे, नेहरू वनोद्यानापर्यंत जाऊन या. आणि सकाळी दहा ते बारा स्वयंपाकघरात सूचना द्यायला जाऊ नका. घरात ती वेळ वहिनींची पाळी असते, तिथे सुपरवायझर लागत नाही.

शिवाय २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा आहे. नाशिकला घर असलं की लांबचे नातेवाईकही जवळचे होतात आणि निवृत्त माणूस घरीच असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. दोन जास्तीच्या गाद्या आणि पाहुण्यांच्या किराण्याचा वेगळा आकडा वहीत आत्ताच धरा. कोणाला कधी बोलवायचं, किती दिवस ठेवून घ्यायचं, हे दोघांनी मुलांसमोर ठरवून टाकलं की पुढे फोनवर ‘नाही’ म्हणायला सोपं जातं.

भाऊबीजेनंतर कारखाना उघडेल. पहिल्याच दिवशी एचआरकडे तीन गोष्टी लेखी मागा: शिल्लक रजा किती आणि तिचे पैसे कसे मिळणार, ग्रॅच्युइटीसाठी त्यांनी धरलेली रुजू तारीख, आणि निवृत्तीची नेमकी तारीख. रुजू तारीख तुमच्या नेमणूकपत्राशी ताडून बघा. सुरुवातीची टेम्पररी किंवा ट्रेनी म्हणून काढलेली वर्षं कुठे गेली, ते तिथेच समजतं, आणि भांडायला तुमच्या हातात अजून पाच महिने असतात.