परप्रांतीयांचा प्रश्न मुंबईत कधी पेटतो?

शहरात बाहेरची माणसं एका मर्यादेपलीकडे वाढली की 'स्थानिक विरुद्ध परके' हे राजकारण आपसूक सुरू होतं का, असं तुम्ही विचारलंय. माझं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं, नोकरी बँकेत झाली, तेव्हा मुंबईपुरतं सांगतो. नुसत्या संख्येने ते होत नाही.

१९६१ची जनगणना बघा. मुंबईत मराठी बोलणारे सुमारे ४३ टक्के, गुजराती १९च्या आसपास. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम सगळे धरून दहा टक्केही भरत नव्हते. उत्तरेकडचे भय्ये गिरण्यांमध्ये कोकणातल्या, घाटावरच्या माणसांच्या बरोबरीने राबत होते. तरी घोषणा निघाली ती 'हटाव लुंगी, बजाव पुंगी'. कारण भांडण टाइपरायटरपुढच्या खुर्चीचं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक माणसं गेली, मुंबई महाराष्ट्राला मिळाली, आणि नुकतीच मॅट्रिक झालेली गिरणी कामगारांची मुलं कचेऱ्यांच्या दारात उभी राहिली. तिथे इंग्रजी आणि शॉर्टहँड पक्कं असलेली दाक्षिणात्य मुलं आधीच बसलेली होती. बाळासाहेब ठाकरे यांच्या 'मार्मिक' साप्ताहिकात अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली यायच्या. आमच्या जिन्यापाशी कुणीतरी त्या मोठ्याने वाचायचं. माझा मोठा भाऊ तेव्हा टायपिंगच्या क्लासला जात होता. ती नावं ऐकताना त्याचा चेहरा कसा व्हायचा ते मी विसरलेलो नाही. आमच्या मजल्यावर एक तमिळ कुटुंबही होतं आणि त्यांनाही ते ऐकू जायचं, हे मात्र माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

१९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली आणि १९६८च्या महापालिका निवडणुकीत तिचे ४२ नगरसेवक आले. पण हा राग एकट्या सेनेने वापरला नाही. १९६७च्या लोकसभा निवडणुकीत ईशान्य मुंबईत मूळचे केरळचे, माजी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन अपक्ष उभे होते. सेनेने काँग्रेसच्या स. गो. बर्वे यांना पाठिंबा दिला आणि बर्वे निवडून आले. गिरणगावातल्या लाल बावट्याला, म्हणजे कम्युनिस्टांना, शह बसतोय म्हणून सत्ताधाऱ्यांनी सेनेकडे कानाडोळा केला, असं माझं ठाम मत आहे. १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि त्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक सेनेचे पहिले आमदार झाले.

या सगळ्यात लोकांना खरं काही देणारं काम केलं ते सेनेच्याच स्थानीय लोकाधिकार समितीने. सुधीर जोशींसारखी माणसं त्यात होती. बँका, विमा कंपन्या, विमान कंपन्या, मोठी हॉटेलं अशा एकेका आस्थापनेत समिती उभी राहिली. जागा निघाल्या की मराठी मुलांपर्यंत बातमी पोचवायची, फॉर्म भरून घ्यायचे, परीक्षेची तयारी करून घ्यायची आणि भरतीबद्दल व्यवस्थापनाला जाब विचारायचा. मी स्वतः संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मुलांची गणितं घेतली आहेत. त्यातली कितीतरी घरं त्या पगारांवर उभी राहिली. मारहाणीने असं एकही घर उभं राहिलेलं मी पाहिलं नाही.

१९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या गेल्या. २००८ साली राज ठाकरे यांच्या मनसेने वाद पेटवला तो रेल्वे भरतीवर. भरतीची माहिती मराठी मुलांपर्यंत पोचत नाही ही तक्रार रास्त होती. उत्तरेतून परीक्षेला आलेल्या, आपल्याच मुलांसारख्या बेकार पोरांना मारणं हा अन्याय होता. पुढे त्या परीक्षा मराठीतूनही देता येऊ लागल्या. मनसेचे २००९ मध्ये १३ आमदार आले, २०१४ मध्ये एक. त्या पाच वर्षांत मुंबईत येणारी माणसं काही थांबली नव्हती.

स्थानिकांसाठी कायद्याने कोटा ठेवण्याची सूचना तुम्ही केली आहे. घटनेचा अनुच्छेद १९ कुठल्याही नागरिकाला देशात कुठेही राहायची मुभा देतो, आणि हरियाणाचा खासगी नोकऱ्यांतला ७५ टक्के कोटा तिथल्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला. त्या वाटेवर फार विसंबू नका.

अभ्यासच करायचा असेल, तर प्रभागवार निकाल घ्या आणि त्या त्या वर्षी तिथली विशी-बाविशीची मुलं कुठल्या नोकरीच्या मागे होती ते शेजारी मांडा. १९६८चं दादर आधी घ्या.