सॅक पाठीवर, मूल सोबत : थायलंडबद्दल वाचकांचे प्रश्न

सुट्ट्यांच्या तोंडावर आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच बेत आहे. टूर कंपनी नको, आई किंवा बाबा, एक मूल, दोन सॅक आणि थायलंड. त्यांतले पाच प्रश्न या अंकासाठी घेतले आहेत.

मी आणि माझी नऊ वर्षांची लेक मे महिन्यात सोळा दिवस जाणार आहोत. बँकॉक, चियांग माई, पाई, फुकेत, क्राबी, फी फी आणि कोह सामुई असा बेत आहे. काही राहून तर जात नाही ना?
— एक आई, नाशिक

राहून काही जात नाही, उलट निम्मे गाळावे लागेल. मूल सोबत असताना गाव बदलायचे म्हणजे सामान भरणे, स्टेशन गाठणे, थांबणे, नवी खोली शोधणे आणि भुकेल्या पोराला शांत करणे, यात दिवस संपतो. सात ठिकाणे घेतलीत तर सोळापैकी सहा दिवस असेच जातील. तीन मुक्काम धरा आणि प्रत्येक ठिकाणी किमान तीन रात्री राहा.

दुसरी गोष्ट पावसाची. जो नैऋत्य मोसमी वारा जूनमध्ये कोकणात येतो, तोच मे महिन्यात थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचलेला असतो. फुकेत, क्राबी, फी फी हे सगळे त्या अंगाला आहेत. तिथे समुद्र खवळतो, किनाऱ्यावर लाल बावटे लागतात, बोटी रद्द होतात. लाल बावटा असताना गुडघाभर पाण्यातही मुलाला सोडू नका, कारण परतीचा प्रवाह तिथूनही आत ओढतो. पूर्वेच्या आखातातली सामुई, फांगान आणि ताओ ही बेटे त्या मानाने मे महिन्यात बरी असतात. त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. म्हणून मे महिन्यात आखात घ्या. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी मात्र ती बेटे सोडून उत्तरेला चियांग माईकडे वळावे. तेव्हा तिकडे पाऊस सरत आलेला असतो, आणि आपल्या कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास नदीत दिवे सोडण्याचा लॉय क्राथोंग हा सण येतो. फेब्रुवारी ते एप्रिल मात्र उत्तरेत मुलांना नेऊच नये, हे आमचे स्पष्ट मत. शेतातला पाचोळा आणि जंगल जाळल्याने धूर दरीत आठवडेच्या आठवडे साचून राहतो. दम्याची प्रवृत्ती असेल तर विचारही नको. पाईचा रस्ता शेकडो वळणांचा आहे, आणि गाडी लागणाऱ्या मुलासाठी ते तीन तास फार वाईट जातात.

तुमच्या पंधरा रात्रींची वाटणी अशी करता येईल : बँकॉक तीन, बँकॉकच्या पश्चिमेचे कांचनाबुरी तीन, एक रात्र दक्षिणेच्या रेल्वेत, सामुई किंवा फांगान पाच, परतीची एक रेल्वेत आणि शेवटच्या दोन पुन्हा बँकॉकला. शेवटी बँकॉक ठेवण्याचे कारण एवढेच की समुद्र बिघडून बोट चुकली तरी विमान चुकत नाही.

मे महिन्यात बँकॉक पुण्या-नागपूरसारखे कोरडे तापत नाही, घामट तापते, आणि दुपारी ढग फुटतात. सकाळी आठ ते अकरा बाहेर, मग खोलीत किंवा एखाद्या गार संग्रहालयात, संध्याकाळी पुन्हा बाहेर. राजवाडा साडेआठला उघडतो, त्या वेळी दारात असा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, मुलांचेही. वाटेत कोणी रिक्षावाला 'आज राजवाडा बंद आहे, मी दुसरीकडे नेतो' म्हणाला तर सरळ पुढे चालत राहा, दारापाशी जाऊन स्वतः पाहा. आत वाट फ्रा काएव या मंदिराभोवतीच्या ओवरीत रामकियनची, म्हणजे थाई रामायणाची, १७८ चित्रे भिंतीवर ओळीने आहेत. रामायण माहीत असलेल्या मुलाला इथे कोणी समजावून सांगावे लागत नाही. पांढरा हनुमान आणि हिरव्या तोंडाचा थोत्साकान, म्हणजे आपला दशकंठ रावण, ती स्वतःच हुडकते. या ओवरीसाठी तासभर राखून ठेवा. बाकीच्या राजवाड्यात मुले लवकर कंटाळतात.

कांचनाबुरीची गाडी मोठ्या स्टेशनातून सुटत नाही, नदीपलीकडच्या थोनबुरी स्टेशनातून सुटते. चुकीच्या स्टेशनावर जाणारे बरेच असतात. सकाळी आणि दुपारी अशा दोनच गाड्या. तिसरा वर्ग, पंखे, उघड्या खिडक्या, आरक्षण नाही. परदेशी प्रवाशाला तिकीट १०० बाट. पुढे नाम टोकपर्यंत जाताना डावीकडे बसा. थाम क्रासे इथे कड्याला चिकटलेल्या लाकडी पुलावरून गाडी हळू जाते तेव्हा खाली नदी दिसते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३मध्ये, जपानी सैन्याने ब्रह्मदेशापर्यंतचा हा ४१५ किलोमीटरचा मार्ग युद्धकैद्यांकडून आणि आशियाई मजुरांकडून बांधून घेतला. त्या मजुरांत मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ लोक मोठ्या संख्येने होते आणि असंख्य मेले. नऊ वर्षांच्या मुलीला हे आधी सांगा, म्हणजे तिथली दफनभूमी तिला नुसती बाग वाटणार नाही. दुसऱ्या दिवशी एरावान धबधबा. त्याच्या सात पायऱ्या आहेत. पाण्यातले मासे पायाला टोचतात, ते निरुपद्रवी असतात, पण आधी सांगितले नाही तर मूल किंचाळून बाहेर येते. दुसऱ्या पायरीच्या पुढे खाणे नेता येत नाही. वरच्या पायऱ्या दुपारनंतर बंद करतात, म्हणून सकाळची पहिली बस धरा.

दक्षिणेची रात्रीची गाडी क्रुंग थेप अफिवाट या नव्या स्टेशनातून मिळते. दुसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यातले सगळेच बर्थ आपल्या साइड बर्थसारखे रुळांच्या दिशेने असतात आणि त्यांना पडदे असतात. खालचा रुंद आणि खिडकीचा, वरचा अरुंद आणि थोडा स्वस्त. एकावर एक असलेली खालची-वरची जोडी घ्या, मूल खाली आणि तुम्ही वर. रात्री गारठा कडाक्याचा असतो, त्यासाठी मोजे आणि पूर्ण बाह्यांचा स्वेटर वरच्या पिशवीत हवा. जेवण स्टेशनवरूनच घेऊन चढा. सुट्टीच्या दिवसांत खालचे बर्थ आधी संपतात, म्हणून तारीख ठरताच आरक्षण करा. सुरत थानीला उतरून बसने डोन साकचा धक्का आणि तिथून बोट. मुलासोबत स्पीडबोट घेऊ नका. गाड्या वाहून नेणारी मोठी फेरीबोट सामुईला सुमारे दीड तास घेते, पण ती कमी हलते, डेकवर फिरता येते आणि शौचालयही असते. उलटीचे औषध बोटीत चढण्याआधी अर्धा-पाऊण तास द्यायचे असते. चढल्यावर दिले तर उपयोग नाही. मात्रा तुमच्या बालरोगतज्ज्ञाकडून लिहून घ्या.

बायकोला रजा नाही, मी एकटाच मुलाला नेणार. कागदपत्रांत काय अडू शकते?
— एक बाबा, डोंबिवली

पासपोर्ट प्रवासाच्या तारखेपासून सहा महिने तरी चालणारा हवा. मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांनीच संपतो आणि तेच लक्षात राहत नाही. आईचे संमतीपत्र करून ते नोटरी करा. त्यात मुलाचे नाव, पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, जाण्याची गावे आणि आईचा फोन नंबर असावा, इंग्रजीत. सोबत जन्मदाखल्याची आणि आईच्या पासपोर्टची प्रत ठेवा. ज्या आयांनी माहेरचे आडनाव ठेवले आहे त्यांनी तर जन्मदाखला हाताशीच ठेवावा. विमानतळावर आडनाव जुळले नाही की पहिला प्रश्न तोच येतो. अनेकदा कोणी काहीच विचारत नाही, पण विचारले तर त्या क्षणी घरून कागद मागवता येत नाही.

थायलंडने १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड सक्तीचे केले आहे. ते फुकट आहे, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचे असते आणि मुलाचे वेगळे भरावे लागते. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले तर ते सरकारी नाही. भारतीयांसाठीच्या विसामाफीचे नियम आणि दिवस तिथले सरकार बदलत असते, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशीच दूतावासाच्या संकेतस्थळावर तपासा. परतीचे तिकीट छापून ठेवा.

मुलाने स्वतःची सॅक उचलावी का? किती वजनाची?
— वाचक, सांगली

उचलावीच. आपली वस्तू आपल्या पाठीवर असली की मूल ती जपते. पण वजन त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. २८ किलोच्या मुलाला पाण्याच्या बाटलीसकट पावणेतीन किलो झाले. त्यासाठी १२ ते १५ लिटरची, छातीवर पट्टा असलेली सॅक पुरते. त्यात दोन कपडे, पावसाचे जाकीट, वही-रंग, एक खेळणे आणि बाटली. बाकी सगळे तुमच्या ४० लिटरच्या सॅकमध्ये. दोघांचे तीन-तीन जोड पुरतात, कारण बहुतेक गावांत किलोवर कपडे धुऊन देणारी दुकाने आणि नाणी टाकून चालणारी यंत्रे आहेत. जीन्स घेऊ नका, दमट हवेत ती दोन दिवस वाळत नाही. स्वस्त विमानांत हातातल्या सामानाची मर्यादा बहुधा सात किलो असते, म्हणून घरीच काट्यावर तोला. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवायची. चार्जरच्या दोन गोल पिनी तिथल्या सॉकेटमध्ये बसतात, आपला मोठा तीन पिनी प्लग बसत नाही.

आम्ही जैन आहोत. मुलगा सात वर्षांचा, शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. खाण्याचे काय?
— एक आई, कोल्हापूर

आधी ॲलर्जीचे बोलू, कारण धोका तिथे आहे. पॅड थाय या नूडल्सवर भरडलेले शेंगदाणे असतात, साते आणि मास्सामन करीतही असतात, आणि एकाच कढईत पुढचा पदार्थ होतो. 'याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, खाल्ले तर जीव जाऊ शकतो, कढई धुऊन घ्या' असे थाई लिपीत मोठ्या अक्षरांत छापून घ्या आणि प्रत्येक वेळी स्वयंपाक करणाऱ्याच्या हातात द्या. बोलून सांगण्यावर विसंबू नका, थाई सुरांची भाषा आहे आणि आपला उच्चार भलताच ऐकू येतो. डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचे इंजेक्शन लिहून दिले असेल तर ते चिठ्ठीसह तुमच्या कमरेच्या पिशवीत हवे, मोठ्या सॅकमध्ये नव्हे.

आता शाकाहार. नुसते 'भाजी द्या' म्हटले तर भाजी येते, पण तिच्यात नाम प्ला हे मासळीचे पाणी किंवा नाम मान होई हे कालवांचे सॉस असते. सोम ताम या कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत वाळलेली कोळंबी असते. तुम्हाला शोधायचा आहे पिवळा झेंडा, त्यावर तांबडी थाई अक्षरे, दिसायला थोडी १७ या इंग्रजी आकड्यासारखी. ते आहे 'जे'. चिनी बौद्ध परंपरेतल्या या स्वयंपाकात मांस, मासे, अंडी, दूध काहीच नसते, आणि कांदा-लसूणही नसतो. जैन कुटुंबाला याहून जवळचे तिथे काही मिळणार नाही. मात्र बटाटा, गाजर, मुळा आणि मशरूम चालतात, ते सांगून काढावे लागतात. सोयाचे आणि गव्हाचे 'मांस' हुबेहूब दिसते, मुलाला आधी सांगून ठेवा. तेल-मसाल्यात शेंगदाणे असू शकतात, म्हणून ती चिठ्ठी इथेही दाखवा. ऑक्टोबरच्या सुमारास, बऱ्याचदा नवरात्राच्या आसपास, नऊ दिवसांचा जे उत्सव असतो, तेव्हा हे झेंडे गल्लोगल्ली लागतात. 'मांगसाविरात' म्हणजेही शाकाहार, पण त्यात अंडे चालते.

'माई फेत' म्हणजे तिखट नको. तरी पहिला घास स्वतः घ्या. अडीनडीला साधा भात, केळी, कलिंगड, आंबा आणि चिकट भात कुठेही मिळतो. त्या चिकट भातावर नारळाचे दूध असते, आणि वर भुरभुरलेली मूगडाळच आहे, शेंगदाणा नाही ना, ते पाहा.

स्कूटर भाड्याने घ्यावी का? आणि आजारपणात कुठे जायचे?
— वाचक, मडगाव

स्कूटर घेऊ नका. गोव्यात रोज चालवत असलात तरी मुलाला पुढे-मागे बसवून बेटांच्या उतारावर, पावसाने ओल्या रस्त्यावर, भाड्याच्या गाडीवर नको. दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर विमा कंपनी दवाखान्याचे बिल नाकारते, आणि तिथली खासगी रुग्णालये चांगली असली तरी महाग आहेत. सोंगथाऊ, म्हणजे मागे दोन बाकडी असलेली गाडी, आणि मोबाइलवरून बोलावलेली टॅक्सी पुरते.

ताप आला तर पॅरासिटामॉलच द्या. डेंग्यूचा संशय असताना आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नये, रक्तस्राव वाढतो. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून मलम सकाळीच लावा. कुत्रा किंवा माकड चावले, नुसते ओरखडले तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. बँकॉकमध्ये थाई रेडक्रॉसची क्वीन सावोवाभा संस्था याच कामासाठी प्रसिद्ध आहे. जाण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्यायची का हे बालरोगतज्ज्ञाला विचारा. ती घेतलेली असेल तर चावल्यावर दोनच मात्रा लागतात आणि इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, लागत नाही. ते बेटावर मिळवणे हाच खरा कठीण भाग.

आखातात पेटीच्या आकाराच्या जेलीफिशचा धोका आहे. पाण्यात मुलाला पूर्ण बाह्यांचा लायक्राचा पोशाख घाला. सामुई-फांगानच्या काही किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या असतात, पोचल्याबरोबर त्या कुठे आहेत ते पाहून ठेवा. डंख झाला तर व्हिनेगर किमान ३० सेकंद ओता. चोळू नका, गोडे पाणी टाकू नका. रुग्णवाहिका १६६९, पर्यटक पोलीस ११५५. हे दोन्ही क्रमांक, तुमचा चालू फोन नंबर आणि हॉटेलचे थाई लिपीतले कार्ड मुलाच्या खिशात रोज सकाळी घाला, आणि हॉटेल बदलले की कार्डही बदला.