अमेरिकेतल्या मास शूटिंगवर प्रोजेक्ट करायचाय. एका ठिकाणी २०२२ साली सहाशेच्या वर घटना दिसतात, दुसरीकडे डझनभर. कुठला डेटा खरा?

दोन्ही खरे. फरक व्याख्येचा आहे.

गन व्हायलन्स आर्काइव्ह हल्लेखोर सोडून चार किंवा जास्त जणांना गोळी लागली की घटना मोजतं, कोणी दगावलं नसलं तरी. 'मदर जोन्स' या नियतकालिकाच्या यादीत फक्त सार्वजनिक ठिकाणचे, तीन किंवा जास्त बळींचे हल्ले येतात. टोळ्यांची भांडणं, दरोडे, घरगुती हत्याकांडं वगळून. आर्काइव्हची फाइल उघडा आणि मृतांचा रकाना नुसता खाली सरकवत न्या, शून्यच शून्य दिसतील. रात्रीच्या पार्टीत बाचाबाची झाली, पाच जखमी: पहिल्या यादीत आहे, दुसरीत नाही. बापाने घरातच चौघांना गोळ्या घालून ठार केलं, तरी तेच. तेव्हा आधी व्याख्या कागदावर लिहा, मगच डाउनलोड करा.

आता न विचारलेला सल्ला. २०२१ मध्ये तिथे बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. मास शूटिंगचे बळी आर्काइव्हच्या ऐसपैस व्याख्येनेही हजाराच्या आतच. मथळे मात्र त्यांचेच!

आत्महत्यांसाठी सीडीसीचं, म्हणजे तिथल्या केंद्र सरकारच्या आरोग्य संस्थेचं, 'वंडर' पोर्टल वापरा. त्यात मृत्यूच्या दाखल्यांवरचा डेटा असतो. बंदुकीने केलेल्या आत्महत्येचे कोड एक्स ७२ ते एक्स ७४. काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) आकडे काढलेत तर कित्येक ठिकाणी 'सप्रेस्ड' (झाकलेला) येईल. त्या जागी शून्य भरू नका, दहापेक्षा कमी मृत्यू असले की ओळख उघड होऊ नये म्हणून आकडा झाकतात. एफबीआयच्या २०२१ च्या गुन्ह्यांच्या आकड्यांपासूनही जरा जपून. त्या वर्षी नोंदणीची पद्धत बदलली आणि न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसच्या पोलिसांचाच डेटा आला नाही, त्यामुळे आलेख उगाच घसरलेला दिसतो.

बंदुकीच्या हिंसेवरचे जुने अभ्यास कमी का सापडतात, तर १९९६ च्या डिकी दुरुस्तीनंतर (सीडीसीने आपला निधी बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरायचा नाही, अशी काँग्रेसने घातलेली अट) सीडीसीने या विषयातून जवळजवळ अंगच काढून घेतलं. थेट २०१९ च्या अखेरीस काँग्रेसने सीडीसी आणि एनआयएच (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्था) मिळून या संशोधनाला अडीच कोटी डॉलर मंजूर केले.

हाताशी एकच सेमिस्टर असेल तर मी राज्यवार आत्महत्याच घेतल्या असत्या. आकडे भरपूर, तुलना धड करता येते. गाइडना मास शूटिंगच हवं असेल तर 'द व्हायलन्स प्रोजेक्ट'चा डेटाबेस बघा. १९६६ पासूनचे, चार किंवा जास्त बळींचे सार्वजनिक हल्ले आहेत, शिवाय प्रत्येक हल्लेखोराच्या आयुष्याच्या तपशीलवार नोंदी. फक्त सरासरी काढताना २०१७ चं लास वेगास वेगळं ठेवून एकदा पुन्हा काढा. त्या एका घटनेत ६० बळी आहेत.