सतरा महिने राहू द्या, आधी ते एकोणीस दिवस बघा

प्रश्न: मी ४ ऑगस्ट १९९४ ला राज्य शासनाच्या सेवेत कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. ३१ मे २०२७ ला निवृत्त होणार आहे. दुय्यम सेवापुस्तक मूळ पुस्तकाशी ताडून पाहिलं, तर २० जुलै १९९८ ते १९ डिसेंबर १९९९ या काळाची सेवा पडताळणीच झालेली नाही. ते कार्यालय नंतर दुसऱ्यात विलीन झालं. त्या कार्यालयात बदली झाली तेव्हा मी जुन्या कार्यालयातून ३० जून १९९८ ला कार्यमुक्त झाले आणि २० जुलैला रुजू झाले. मुलाला टायफॉइड होता. रजेचा अर्ज दिला होता, त्याची पोच माझ्याकडे आहे. आस्थापना लिपिक म्हणतात, "मॅडम, पेन्शनच्या वेळी बघू." हे सतरा महिने गेले तर माझी पेन्शन कमी होईल का?

उत्तर: पत्रात तुम्ही सतरा महिन्यांवर दोन पानं लिहिलीत आणि एकोणीस दिवस तीन वाक्यांत उरकलेत. मला काळजी त्या एकोणीस दिवसांची वाटते.

पडताळणीची नोंद नसणं आणि सेवेत खंड पडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत तुम्ही काम केलंय, पगार घेतलाय, फक्त कार्यालय प्रमुखाने वेतन देयकांवरून खात्री करून पुस्तकात तसा शेरा मारलेला नाही. चूक कार्यालयाची आहे आणि ती आजही दुरुस्त होते. दुसरीत मात्र नियम कठोर आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधल्या नियम ४७ नुसार सेवेत खंड पडला की खंडाआधीची सेवाच निवृत्तिवेतनासाठी बाद होते. म्हणजे १९९४ ते १९९८ ही जवळजवळ चार वर्षं.

पेन्शनला धक्का लागणार नाही, हे आधी सांगतो. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ पूर्वीच्या असल्याने जुनी योजना लागू आहे, आणि वीस वर्षं अर्हताकारी (पेन्शनसाठी मोजली जाणारी) सेवा झाली की शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के पेन्शन मिळते. तुमची त्याहून कितीतरी जास्त आहे. फटका उपदानाला, आपण ज्याला ग्रॅच्युइटी म्हणतो तिला बसेल. ती दर सहामाहीला पाव महिन्याच्या हिशेबाने मिळते. तुमची पूर्ण सेवा धरली तर ६६ सहामाह्या होतात, म्हणजे साडेसोळा महिन्यांचं वेतन, कमाल मर्यादेच्या आत. सतरा महिने गळाले तर ६३, म्हणजे पाऊण महिन्याचं नुकसान. एकोणीस दिवसांचा खंड धरला तर ५८, म्हणजे दोन महिन्यांचं वेतन, महागाई भत्त्यासह, गेलं.

आता उपाय. नियम ४८ खाली नियुक्ती प्राधिकाऱ्याला खंड क्षमापित, म्हणजे माफ, करता येतो, पण त्याला अटी आहेत. तेव्हा "माझा सेवाखंड क्षमापित करावा" असा अर्ज कृपा करून लिहू नका. तसं लिहिलंत की खंड होता हे तुम्हीच मान्य केलंत. नियम ४७ मध्येच अपवाद आहेत: बदलीचा पदग्रहण अवधी (नव्या जागी रुजू व्हायला मिळणारे दिवस) आणि मंजूर रजा म्हणजे खंड नव्हे. म्हणून अर्ज असा करा की अनुज्ञेय पदग्रहण अवधी वगळून उरलेल्या दिवसांची, त्या वेळी मागितलेली अर्जित रजा मंजूर करून तशी नोंद सेवापुस्तकात व रजेच्या लेख्यात घ्यावी. त्या पोचेवरचा आवक क्रमांक अर्जात जसाच्या तसा उतरवा. खात्यावर तेव्हा अर्जित रजा शिल्लक नसेल तर असाधारण (बिनपगारी) रजा हा शेवटचा पर्याय. तिने सेवा तुटत नाही, मात्र ते दिवस सहसा मोजले जात नाहीत.

सेवापुस्तकात १९९९ ची वेतनवाढ कोणत्या तारखेला दिली आहे तेही पाहा. ती नेहमीच्या तारखेलाच दिली असेल तर कार्यालयाने तुमची सेवा अखंड मानली होती, हा तुमच्या बाजूचा मोठा पुरावा. अर्जात त्याचा उल्लेख कराच.

सतरा महिन्यांसाठी विलीनीकरणानंतरच्या कार्यालयाकडे वेतन देयकांच्या कार्यालयीन प्रती आणि रोखवही मागा. नाही म्हणाले तर माहिती अधिकारात, दहा रुपये शुल्क भरून, तीस दिवसांची मुदत लावून मागा. दरम्यान घरातली जुनी फाइल काढा. १९९८-९९ आणि १९९९-२००० च्या भविष्य निर्वाह निधीच्या चिठ्ठ्या सापडल्या तर सोन्याहून पिवळं, कारण त्या महालेखापाल कार्यालयातूनच आलेल्या असतात, आणि पेन्शनचं प्रकरणही शेवटी तिथेच तपासलं जातं. तुमची वर्गणी तेव्हा जमा झाल्याचं ज्या कार्यालयाने लिहून दिलं, त्यालाच उद्या सेवा नव्हती असं म्हणणं जड जाईल. काहीच मिळालं नाही तर साध्या कागदावर सत्यप्रतिज्ञेसह निवेदन द्या, सोबत तेव्हाच्या एक-दोन सहकाऱ्यांचे जबाब जोडा. त्यावरून खात्री पटली तर कार्यालय प्रमुख ती सेवा मान्य करू शकतात.

लिपिकांचं "पेन्शनच्या वेळी बघू" ऐकू नका. पेन्शनची तयारी नियमांप्रमाणे निवृत्तीच्या बरीच आधी सुरू व्हायला हवी. तुमची वेळ आलेलीच आहे.

वेतननिश्चिती तपासणाऱ्या वेतन पडताळणी पथकाचा शिक्का २००६ आणि २०१६ च्या वेतननिश्चितीवर आहे का, तेही एकदा बघा. जादा वेतन दिल्याचं आता निघालं तर वसुली रोखायला सर्वोच्च न्यायालयाच्या पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह निकालाचा आधार गट क च्या कर्मचाऱ्याला मिळतो. पण वेतननिश्चितीच्या वेळी वसुलीला संमती देणारं वचनपत्र तुम्ही लिहून दिलं असेल, तर त्याच न्यायालयाच्या २०१६ च्या जगदेव सिंग निकालामुळे तो आधार डळमळतो. त्या वचनपत्राची प्रत शोधून मला पाठवा.

रजेचा आणि सेवा पडताळणीचा असे दोन्ही अर्ज वेगवेगळे द्या, एकात दोन विषय घालू नका, आणि दोन्हींची पोच घ्या. नकार आला तर त्या तारखेपासून एक वर्षाच्या आत, आणि उत्तरच आलं नाही तर सहा महिने थांबून पुढच्या एक वर्षात, महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात (मॅटमध्ये) जाता येतं. ही मुदत मोजायची तर अर्जाच्या पोचेवर तारीख स्पष्ट वाचता आली पाहिजे, तेवढं शिक्का मारणाऱ्याला सांगा.