संगणक शंका-समाधान : काही केल्या न हटणारी फाइल

प्रश्न : पारोळा येथे माझा लग्नसमारंभांच्या चित्रणाचा व्यवसाय आहे. आखाजीच्या सुमारास एका हळदीचे चित्रण कॅमेऱ्यातून थेट संगणकावर घेत असताना वीज गेली आणि संगणक जागीच बंद पडला. तेव्हापासून सुमारे १४ जीबीची एक एमपी४ फाइल डिस्कवर अडकून बसली आहे. ती चालत नाही आणि हटवायला गेल्यास ‘ही फाइल कॉम सरोगेटमध्ये उघडी आहे’ अशा अर्थाची सूचना येते. या नावाचा कोणताही प्रोग्राम मी बसवलेला नाही. हा व्हायरस आहे काय? संगणक रात्री बंद करून सकाळी सुरू केला तरी फरक पडत नाही. एका मित्राने इंटरनेटवरून कुलूप तोडणारा मोफत प्रोग्राम उतरवून घेण्यास सुचवले आहे. तसे करावे काय?

उत्तर : कॉम सरोगेट हा विंडोजचाच एक भाग आहे. आपण फोल्डर उघडता तेव्हा प्रत्येक चित्रफितीच्या जागी तिच्यातील एखादे दृश्य छोट्या चित्राच्या रूपात दिसते. ते दाखवण्यासाठी कोणीतरी ती फाइल उघडून आतून वाचावी लागते. हे काम फाइल एक्सप्लोररने स्वतः केले आणि सदोष फाइल वाचताना तो कोसळला, तर पडद्यावरील सगळ्या खिडक्या त्याच्याबरोबर जातील, म्हणून विंडोज हे जोखमीचे काम कॉम सरोगेट नावाच्या दुय्यम प्रोग्रामवर सोपवते. शंका फेडून घ्यायची असल्यास टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी दाखवणाऱ्या विंडोजच्या खिडकीत, त्या नावावर उजवी क्लिक करून फाइलचे ठिकाण उघडावे. ते विंडोजच्या सिस्टिम३२ किंवा सिसवॉव६४ या फोल्डरमध्ये निघाले, तर तो अस्सल समजावा. भलत्याच फोल्डरमध्ये निघाले, तर मात्र अँटिव्हायरस चालवावा.

आता आपल्या फाइलविषयी. एमपी४ प्रकारात कोणते दृश्य फाइलमध्ये नेमके कोठे आहे याची एक अनुक्रमणिका असते आणि ती बहुधा चित्रण थांबवल्यावर, म्हणजे अगदी शेवटी, लिहिली जाते. वीज मधेच गेल्यामुळे आपल्या फाइलमध्ये १४ जीबी मजकूर आहे, पण अनुक्रमणिका नाही. कॉम सरोगेट चित्र शोधण्यासाठी ती उघडतो, त्याला काहीच लागत नाही, आणि फाइल हातात धरून तो तसाच अडकून राहतो. विंडोजमध्ये कोणताही प्रोग्राम फाइल उघडताना, इतरांना ती वाचता यावी की नाही, तीत लिहिता यावे की नाही आणि ती हटवता यावी की नाही, हे त्याच वेळी सांगून ठेवतो. हटवण्याची मुभा त्याने दिली नसेल, तर तो फाइल सोडेपर्यंत विंडोज दुसऱ्या कोणालाही ती हटवू देत नाही. तलाठ्याने दप्तरातील वही समोर उघडून लिहायला घेतली असताना ती कोणी उचलून नेऊ शकत नाही, तसाच हा प्रकार आहे.

हटवण्यापूर्वी मात्र थोडे थांबावे. हळद पुन्हा होणार नाही. अशा अपूर्ण फाइलमधील चित्रण पुष्कळदा परत मिळवता येते. त्याच कॅमेऱ्याने, त्याच मांडणीत घेतलेली एखादी धडधाकट फाइल नमुना म्हणून देऊन हरवलेली अनुक्रमणिका नव्याने बांधणारे प्रोग्राम उपलब्ध आहेत. म्हणून सर्वप्रथम या फाइलची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. वाचण्यास आडकाठी नसेल, तर जी फाइल हटत नाही तिची प्रतही निघते.

प्रत झाल्यावर फाइल एक्सप्लोररच्या फोल्डर ऑप्शन्समध्ये, व्ह्यू या भागात, छोट्या चित्रांऐवजी नेहमी आयकॉनच दाखवावेत अशा अर्थाचा पर्याय आहे, त्यावर खूण करावी. उजव्या बाजूचा प्रिव्ह्यू पेन उघडा असल्यास तोही बंद करावा. त्यानंतर संगणक ‘रीस्टार्ट’ करावा. येथे ‘शट डाउन’ मुद्दाम म्हटलेले नाही. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे आणि ती चालू असताना शट डाउन केल्यास आपले प्रोग्राम बंद होतात, परंतु विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवून ठेवला जातो व सकाळी तोच परत उचलला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे पहिल्यापासून सुरू होते. आपल्या बाबतीत सकाळीही फरक न पडण्याचे मोठे कारण, आपण फोल्डर उघडताच कॉम सरोगेट पुन्हा कामाला लागतो, हेच असावे. तरीही अशा वेळी सवय रीस्टार्टचीच ठेवावी.

बहुतेक वेळा एवढ्यावर काम होते. न झाल्यास फोल्डरच्या पत्त्याच्या पट्टीत सी-एम-डी ही तीन रोमन अक्षरे टंकून एंटर दाबावे, म्हणजे त्याच फोल्डरवर आज्ञा टंकण्याची काळी खिडकी (कमांड प्रॉम्प्ट) उघडेल. नंतर फोल्डरची खिडकी बंद करावी आणि टास्क मॅनेजरमधून कॉम सरोगेट व विंडोज एक्सप्लोरर ही दोन्ही कामे संपवावीत. डेस्कटॉपवरील चिन्हे आणि खालची पट्टी नाहीशी होईल, घाबरू नये. काळ्या खिडकीत डी-ई-एल, एक मोकळी जागा आणि फाइलच्या नावाची पहिली दोन-तीन अक्षरे टंकून टॅब दाबावा. पुढचे नाव संगणक स्वतः भरतो आणि गरज असल्यास अवतरणचिन्हेही घालतो. नाव दोनदा वाचून मगच एंटर दाबावे, कारण या मार्गाने गेलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. घाईत नावाऐवजी तारांकन टंकून अख्खे फोल्डर रिकामे केलेले लोक मी पाहिले आहेत. शेवटी टास्क मॅनेजरमधूनच नवे काम म्हणून ‘एक्सप्लोरर’ चालवले की पडदा पूर्ववत होतो.

मित्राने सुचवलेल्या मोफत प्रोग्रामच्या मी विरुद्ध आहे. हे प्रोग्राम काम करत नाहीत असे नाही, पण अशा शोधात हाती लागणाऱ्या अनेक प्रोग्रामांबरोबर न मागितलेल्या जाहिराती व ब्राउझरच्या पट्ट्या येतात. फाइल कोणी धरली आहे एवढे पाहायचे असल्यास विंडोजमधील रिसोर्स मॉनिटर पुरेसा आहे. त्याच्या सीपीयू या भागात शोधण्याची जागा आहे, तेथे फाइलच्या नावाचा तुकडा टाकला की धरून बसलेल्या प्रोग्रामचे नाव येते. उजव्या क्लिकवर हीच सोय हवी असेल, तर मायक्रोसॉफ्टच्याच मोफत पॉवरटॉइजमध्ये फाइल लॉकस्मिथ आहे. आणि यापुढे थेट संगणकावर चित्रण घेताना एमपी४ ऐवजी एमकेव्ही प्रकार निवडावा. वीज गेली तरी तोपर्यंतचे चित्रण सहसा शाबूत राहते.

प्रश्न : मी केळी उत्पादक असून रावेर आणि बऱ्हाणपूरच्या भावांची टिपणे ठेवतो. पुण्यात शिकणाऱ्या मुलाने त्याच्या लिनक्सच्या लॅपटॉपवरून माझ्या हार्ड डिस्कवर ‘केळी भाव रावेर ता.’ नावाचे फोल्डर तयार करून दिले. माझ्या विंडोजच्या संगणकावर ते दिसते, पण उघडत नाही. हटवायला गेल्यास ‘ही वस्तू सापडत नाही’ असे उत्तर येते. जे समोर दिसते ते सापडत कसे नाही?

उत्तर : दोष ‘ता.’मधल्या टिंबाचा आहे. जुन्या डॉसमध्ये फाइलचे नाव आठ अधिक तीन अक्षरांचे असे आणि मधले टिंब डिस्कवर लिहिलेच जात नसे; उरलेल्या जागा रिकाम्या अक्षरांनी भरल्या जात. त्यामुळे नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा असणे आणि नसणे सारखेच होते. तीच सवय विंडोजने आजवर सांभाळली आहे. आपण फोल्डरवर क्लिक करता तेव्हा विंडोज शेवटचे टिंब गाळून ‘केळी भाव रावेर ता’ शोधते, आणि त्या नावाचे फोल्डर तेथे नसते. डिस्कच्या एनटीएफएस मांडणीला स्वतःला टिंबाचे वावडे नाही, म्हणून लिनक्सला ते लिहिता आले. ता., जि., सौ., क्र. अशी टिंबांत संपणारी रूपे आपण रोज वापरतो, तेव्हा ही अडचण मराठी नावांच्या वाट्याला इतरांपेक्षा जरा अधिक येत असावी.

आपण ते फोल्डर हटवू नये, त्यातील टिपणे कामाची आहेत. मुलगा सुट्टीत आला की त्याच्याच लॅपटॉपला डिस्क लावून नावातील टिंब काढावे. ज्याने गाठ मारली त्याच्याच हातून ती चटकन सुटते. खरोखर हटवायचेच असेल, तर काळ्या खिडकीत आर-डी, मोकळी जागा, स्लॅश एस, मोकळी जागा आणि मग अवतरणचिन्हांत संपूर्ण पत्ता द्यावा, मात्र पत्त्याच्या आरंभी \\?\ ही चार चिन्हे जोडावीत. त्यांचा अर्थ असा की, नाव दिले आहे तसेच घ्यावे, त्यात काटछाट करू नये. देवनागरी अक्षरे त्या खिडकीत चौकोनांसारखी दिसण्याचा संभव आहे, पण नाव बरोबर चिकटवले असेल तर आज्ञा चालते.

याच घराण्यातील दुसरी गंमत म्हणजे सी-ओ-एन या नावाचे फोल्डर बनत नाही, हे ‘एका भारतीयाने शोधलेले गूढ’ म्हणून कधीकाळी ढकलपत्रांतून फिरत असे. त्यात गूढ काही नाही. डॉसच्या काळापासून हे नाव कीबोर्ड आणि पडद्यासाठी राखून ठेवलेले आहे, जसे पी-आर-एन प्रिंटरसाठी.

प्रश्न : भुसावळला महाविद्यालयात शिकते. माझ्या लॅपटॉपच्या सी ड्राइव्हमध्ये हायबरफिल नावाची ३ जीबीहून मोठी लपलेली फाइल आहे. जागा कमी पडते म्हणून ती हटवू पाहते, पण हटत नाही.

उत्तर : ही फाइल विंडोजने स्वतःसाठी ठेवलेली आहे. संगणक हायबरनेट करताना रॅममधील मजकूर तीत उतरवला जातो. रॅम ८ जीबी असल्यास विंडोज १० मध्ये तिचा आकार साधारण ३ जीबी भरतो. ती हाताने न हटवता, काळी खिडकी ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ या पर्यायाने उघडून पॉवरसीएफजी, मोकळी जागा, स्लॅश एच, मोकळी जागा, ऑफ अशी आज्ञा रोमन अक्षरांत द्यावी, म्हणजे विंडोजच ती काढून टाकते. त्याबरोबर हायबरनेट आणि वर सांगितलेले फास्ट स्टार्टअप ही दोन्ही बंद होतात व लॅपटॉप सुरू होण्यास थोडा अधिक वेळ लागतो. शेजारीच पेजफाइल नावाची दुसरी मोठी फाइल दिसेल, तिला हात लावू नये. रॅम अपुरी पडली की विंडोज तिच्यावरच काम भागवते.