लिनक्समध्ये तापमान, व्होल्टेज आणि पंख्यांचा वेग दाखवणारी ‘सेन्सर्स’ कमांड चालवली की एका ओळीत १२७ अंश दिसतात. मशीन बंद करू का?

बंद करायची गरज नाही. तुम्ही दिलेल्या यादीत प्रोसेसर ५२ अंशांवर आहे, एनव्हीएमई ड्राइव्ह ४१ वर, आणि फक्त ‘ऑक्सटिन’ नावाच्या एका ओळीत १२७ आहे. हा आकडाच सगळं सांगून जातो: चिन्हासकट ८ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या १२७. म्हणजे मोजपट्टीचं टोक.

तुमच्या मदरबोर्डवर नुव्होटॉन कंपनीची सुपर आयओ चिप आहे, म्हणजे तापमान, व्होल्टेज आणि पंखे यांवर लक्ष ठेवणारी चिप (ड्रायव्हर एनसीटी६७७५). तापमान मोजण्यासाठी या चिपला बऱ्याच पिना असतात, पण बोर्ड बनवणारी कंपनी त्यातल्या मोजक्याच वापरते. उरलेल्यांना थर्मिस्टर (तापमान मोजणारा भाग) जोडलेलाच नसतो. चिप तरीही त्या रिकाम्या पिनेवर मोजमाप करते, रजिस्टरमध्ये (चिपमधल्या आकडे ठेवायच्या जागेत) काहीतरी आकडा टाकते, आणि कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तो आहे तसा पुढे देतं. पिनेच्या पलीकडे काय जोडलंय हे कळायला त्याच्याकडे मार्गच नाही. एकच चिप अनेक वेगवेगळ्या बोर्डांवर बसते आणि वायरिंगचे तपशील कंपन्या सहसा जाहीर करत नाहीत.

मूळ आकडे बघायचे असतील तर सिस डिरेक्टरीतल्या क्लासमध्ये एचडब्ल्यूमॉन ही डिरेक्टरी आहे, तिथे जा. आत प्रत्येक चिपची वेगळी डिरेक्टरी आणि त्यात ‘नेम’ फाइल असते, त्यावरून ड्रायव्हर कळतो. ‘के१०टेम्प’ (एएमडी प्रोसेसरच्या तापमानाचा ड्रायव्हर) असलेल्या डिरेक्टरीतली ‘टेम्प१_इनपुट’ उघडलीत तर ५२१२५ असं काहीतरी दिसेल: अंशाचे हजार भाग केलेत, म्हणजे ५२.१२५ अंश. कर्नेलमध्ये दशांशी गणित टाळतात, म्हणून ही पद्धत. स्क्रिप्ट लिहिणार असाल तर एचडब्ल्यूमॉन२, एचडब्ल्यूमॉन३ या क्रमांकांवर विसंबू नका, रीबूटनंतर ते बदलू शकतात. नेहमी ‘नेम’ वाचून शोधा.

प्रोसेसरच्या आकड्यावर मी बोर्डापेक्षा जास्त भरवसा ठेवतो, कारण तो सेन्सर चिपच्या आतच असतो. पण तोही समजून वाचावा लागतो. इंटेलमध्ये रजिस्टर तापमान सांगतच नाही, कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत तेवढं सांगतं. वजाबाकी ‘कोअरटेम्प’ ड्रायव्हर करतो. एएमडीत ‘टीसीटीएल’ हा आकडा मुळात पंख्यांच्या नियंत्रणासाठी आहे. रायझन ७ १७०० एक्समध्ये तो खऱ्या तापमानापेक्षा २० अंश जास्त यायचा, आणि ड्रायव्हर ते २० वजा करून ‘टीडाय’ वेगळा दाखवायचा.

व्होल्टेजची गोष्ट आणखी अवघड. सुपर आयओच्या पिनेला १२ व्होल्ट थेट झेपत नाहीत, म्हणून बोर्डावर दोन रोधक लावून तो दाब आधी कमी करतात. कर्नेल पिनेवरचा कमी झालेला दाब दाखवतं. त्याला कितीने गुणायचं ते एलएम-सेन्सर्सच्या (‘सेन्सर्स’ कमांड ज्यात येते त्या पॅकेजच्या) कॉन्फिग फाइलमध्ये तुम्ही सांगायचं. तुमच्या यादीतल्या १ व्होल्टच्या ओळीला म्हणूनच घाबरू नका. हे काम कर्नेलच्या बाहेर ठेवलंय ते मला पूर्ण पटतं. २०२० मध्ये रायझनचं व्होल्टेज आणि करंट दाखवणारा कोड के१०टेम्पमध्ये आला होता. पण त्याची कागदपत्रं जाहीर नव्हती, मॉडेलगणिक पद्धत बदलायची, आणि भलतेच आकडे बघून लोक धास्तावायला लागले. शेवटी देखभाल करणाऱ्यांनी त्याच वर्षी तो काढून टाकला. चुकीचा आकडा दाखवण्यापेक्षा न दाखवलेला बरा.

आता तुम्ही काय करायचं? एका टर्मिनलमध्ये ‘सेन्सर्स’ दर दोन सेकंदांनी चालू ठेवा आणि दुसरीकडे सगळ्या कोअरना दहा मिनिटं काम द्या, एखादं मोठं कंपाइल चालेल. ज्या ओळी भाराबरोबर चढतात आणि नंतर उतरतात, त्या खऱ्या. १२७ जागचा हलणार नाही. मग इटीसीमधल्या ‘सेन्सर्स.डी’ डिरेक्टरीत एक छोटी फाइल करून त्या ओळीला ‘इग्नोर’ लावा. आणि प्रोसेसर खरंच मर्यादेपाशी गेला तर तो स्वतःच वेग कमी करतो, त्याहीपुढे गेला तर बंद पडतो. ही सोय हार्डवेअरमध्येच आहे, त्यासाठी सेन्सरचा ड्रायव्हर लोड झालेला असावा लागत नाही.

‘फॅन३’ शून्य दिसतोय असंही तुम्ही लिहिलंय. तो मात्र पेटी उघडून बघाच. त्या जागी पंखा जोडलेलाच नसेल तर प्रश्न मिटला. जोडलेला असेल आणि भार असतानाही फिरत नसेल, तर १२७ सोडा आणि आधी तो बदला.